सांडपाणी प्रक्रिया संयंत्राची पहिली निर्यात : नव्या उत्पादकांसाठी मार्गदर्शक

साखर कारखाने, आसवन्या, दूध डेअऱ्या आणि कापड रंगवणारे उद्योग यांच्यासाठी ईटीपी व एसटीपी (कारखान्यांचे व वस्तीचे सांडपाणी शुद्ध करणारी संयंत्रे) बांधून हात तयार झालेले अनेक लहान उत्पादक महाराष्ट्रातल्या औद्योगिक वसाहतींत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला पूर्व आफ्रिका, आखात किंवा आग्नेय आशियातून पहिली विचारणा येते, तेव्हा तांत्रिक बाजूची त्याला फारशी चिंता नसते. अडचण कागदपत्रांची, करांची आणि करारातल्या शब्दांची असते. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे : लोखंडी चौकटीवर बसवलेले, कंटेनरमधून जाणारे सांडपाणी प्रक्रिया संयंत्र, म्हणजे टाक्या, पंप, ब्लोअर (हवा सोडणारी यंत्रे), गाळण्या, मेंब्रेन (पाणी गाळणारे सूक्ष्म पटल) आणि विजेचे पॅनेल असा संच. सौर वॉटर हीटर किंवा धूळ पकडणारे फिल्टर विकणाऱ्यांनाही यातला बराचसा भाग लागू पडेल.

‘हरित’ म्हणून सवलत मिळेल, हा समज आधी सोडावा

पर्यावरणपूरक वस्तूंवरचे आयात शुल्क जगभर कमी करावे, ही चर्चा जुनी आहे. जागतिक व्यापार संघटनेने २००१ साली दोहा येथे तो विषय वाटाघाटींत घेतला. पुढे २०१४ साली काही सदस्य देशांनी स्वतंत्र करारासाठी बोलणी सुरू केली, त्यांत भारत नव्हता, आणि डिसेंबर २०१६ मध्ये ती बोलणी थांबली. कोणत्या वस्तूला पर्यावरणीय म्हणायचे, यावरच एकमत होत नव्हते, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण तोच पंप सांडपाण्यासाठीही चालतो आणि खाणीतले पाणी उपसायलाही चालतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, आइसलँड आणि कोस्टारिका या चार देशांनी आपसांत तसा एक करार केला, तेवढीच अलीकडची हालचाल. भारतानेही १ एप्रिल २०२२ पासून सौर पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लावले होते, यावरून ‘हरित’ या विशेषणाला सीमाशुल्क कचेरीत किती वजन असते ते कळावे.

एक अपवाद मात्र उपयोगाचा आहे. आशिया-प्रशांत आर्थिक सहकार्य परिषदेच्या सदस्यांनी २०१२ साली ५४ वस्तूंची यादी केली आणि २०१५ अखेरपर्यंत त्यांवरचे शुल्क ५ टक्के किंवा त्याहून कमी करण्याचे ठरवले. पाणी गाळण्याची व शुद्ध करण्याची यंत्रे त्या यादीत आहेत. भारत त्या परिषदेचा सदस्य नाही, पण ही कपात सर्वच देशांच्या मालाला लागू होते. त्यामुळे व्हिएतनाम, फिलिपिन्स, थायलंड, पेरू अशा बाजारांत आपल्या संयंत्रावर मूळ शुल्कच कमी असण्याची शक्यता असते. दर सांगण्यापूर्वी त्या देशाचे चालू शुल्कपत्रक पाहावे, आणि ग्राहकालाही त्याच्या कस्टम्स एजंटकडून खात्री करून घ्यायला सांगावे.

पहिली पायरी : मालाचा संकेतांक ठरवणे

हे काम सर्वांत आधी करावे, कारण शुल्क, प्रमाणपत्रे, निर्यात प्रोत्साहन आणि काही वेळा परवाने हे सारे या संकेतांकावरून ठरते. एचएस, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या, संकेतांकाचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, त्यापुढचे अंक प्रत्येक देश आपापले ठरवतो. पाणी गाळण्याच्या किंवा शुद्ध करण्याच्या यंत्राचा सहा अंकी संकेतांक ८४२१.२१ आहे आणि अशा यंत्रांच्या सुट्या भागांचा ८४२१.९९. पंप मात्र ८४१३ मध्ये, ब्लोअर ८४१४ मध्ये, विजेचे पॅनेल ८५३७ मध्ये, तीनशे लिटरहून मोठी लोखंडी टाकी ७३०९ मध्ये आणि तशीच प्लॅस्टिकची टाकी ३९२५.१० मध्ये जाते. सक्रिय कोळसा ३८०२.१०, आयन विनिमयाचे रेझिन ३९१४.

आता प्रश्न असा की संयंत्र एक यंत्र म्हणून पाठवायचे की भागाभागांनी? एचएसच्या सोळाव्या विभागाच्या चौथ्या टिपेनुसार, वेगवेगळे घटक नळ्यांनी किंवा तारांनी जोडून मिळून एकच ठरलेले काम करणार असतील, तर तो सारा संच त्या कामाच्या शीर्षकाखाली जातो. म्हणजे आपला संच ८४२१.२१ मध्ये एकत्र जाऊ शकतो. ग्राहकाच्या देशात टाक्यांवर आणि पॅनेलवर शुल्क जास्त असेल, तर या टिपेचा फायदा चांगलाच मोठा होतो. परंतु त्यासाठी बीजकावर, पॅकिंग लिस्टवर आणि सोबतच्या रेखाचित्रावर हा एकच संच असल्याचे स्पष्ट दिसले पाहिजे. माल दोन खेपांत जाणार असेल तर ग्राहकाने आपल्या सीमाशुल्क विभागाला ते आधीच कळवून मान्यता घेतलेली बरी. नाहीतर पहिल्या खेपेत नुसत्या टाक्या दिसतात आणि अधिकारी त्यांना टाक्या म्हणूनच शुल्क लावतो. त्यात त्याची चूक नसते. युरोपीय संघात तर ग्राहक अगोदर अर्ज करून बंधनकारक वर्गीकरण निर्णय मिळवू शकतो, तो तीन वर्षे चालतो.

संचाबरोबर दोन वर्षांचे जादा सुटे भाग, रेझिन किंवा रसायने पाठवायची असतील, तर त्यांच्या ओळी वेगळ्या लिहून त्यांचे संकेतांक स्वतंत्र द्यावेत. ‘सोबतचे साहित्य’ अशी मोघम ओळ बीजकात कधीही घालू नये.

दुसरी पायरी : नोंदण्या

याबद्दल नवख्यांना वाटते तेवढी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅनच्या आधारे आयात-निर्यात संकेतांक मिळतो, त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते. माहितीत काही बदल झालेला नसला तरी पुष्टी द्यावीच लागते, नाहीतर संकेतांक निष्क्रिय होतो. बँकेकडून एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या बँकशाखेचा क्रमांक) घेऊन तो सीमाशुल्काच्या आइसगेट प्रणालीवर नोंदवावा. अभियांत्रिकी मालासाठी ईईपीसी इंडिया या निर्यात प्रोत्साहन परिषदेचे सदस्यत्व घ्यावे. जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच हमीपत्र ऑनलाइन दाखल करावे, ते दर वर्षी नव्याने द्यावे लागते. न्हावा शेवा बंदरात काम करणारा, यंत्रसामग्रीचा अनुभव असलेला कस्टम्स ब्रोकर याच टप्प्यावर निवडावा. कपड्यांचे किंवा द्राक्षांचे कंटेनर पाठवणारा ब्रोकर कितीही चांगला असला तरी चौथ्या टिपेवर अधिकाऱ्याशी बोलणे त्याच्या सवयीचे नसते.

एक तपासणी बहुतेक जण विसरतात. रासायनिक किंवा जैविक शस्त्रांसाठी वापरता येतील अशा उपकरणांच्या निर्यातीवर भारतात ‘स्कोमेट’ यादीनुसार नियंत्रण आहे आणि त्या यादीत गंजरोधक धातूंचे किंवा फ्लोरोपॉलिमरचे काही पंप, झडपा आणि विशिष्ट प्रकारची क्रॉस-फ्लो गाळणी येतात. साधे आरओ संयंत्र त्यात अडकत नाही. पण टायटॅनियमचा दुहेरी सीलचा पंप किंवा जागेवरच निर्जंतुक करता येणारी गाळणी संचात असेल, तर यादीतली मोजमापे आपल्या तांत्रिक पत्रकाशी ताडून पाहावीत आणि शंका असल्यास लेखी विचारणा करावी.

तिसरी पायरी : ग्राहकाच्या देशातले मानक आणि वीज

वीज आधी पाहू. भारत, केनिया, टांझानिया, संयुक्त अरब अमिराती येथे ५० हर्ट्झ वीज आहे, सौदी अरेबिया आणि फिलिपिन्समध्ये ६० हर्ट्झ. इथल्या चाचणीत छान चाललेला सेंट्रिफ्यूगल पंप तिथे २० टक्के जास्त वेगाने फिरतो आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. मोटर गरम होऊन ट्रिप होते आणि कमिशनिंगला (संयंत्र चालू करून द्यायला) गेलेला आपला माणूस हॉटेलात बसून इम्पेलर (पंपाचे आतले फिरते चाक) कापून घेण्याची सोय शोधत राहतो. म्हणून कोटेशन देण्यापूर्वी व्होल्टेज, फेज आणि हर्ट्झ लेखी मागवून घ्यावेत.

मग मानके. युरोपात यंत्रावर सीई चिन्ह लागते. बहुतेक यंत्रांसाठी उत्पादक स्वतःच अनुरूपतेचे घोषणापत्र करतो, मात्र त्यामागे जोखीम विश्लेषण, रेखाचित्रे, विद्युत चाचण्या आणि स्थानिक भाषेतली सूचनापुस्तिका असा तांत्रिक दस्तऐवज तयार असावा लागतो. ०.५ बारहून जास्त दाबाच्या फिल्टर टाक्यांना दाब-उपकरणांचे वेगळे नियम लागू होतात. सध्याच्या यंत्र निर्देशाची जागा २० जानेवारी २०२७ पासून नवे विनियमन घेणार आहे, तेव्हा आज सुरू केलेला दस्तऐवज नव्या नियमांकडे पाहूनच बांधावा. सौदी अरेबियात ‘सेबर’ या ऑनलाइन व्यवस्थेतून उत्पादनाचे आणि प्रत्येक खेपेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. केनिया आणि टांझानियासाठी अनेक मालांना जहाजावर चढण्यापूर्वीच मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचे अनुरूपता प्रमाणपत्र लागते. माल तिथे पोचल्यावर ते मिळवण्याच्या खटपटीत दंड आणि बंदरातले भाडे दोन्ही बसते. पिण्याच्या पाण्याला स्पर्श करणारे भाग अमेरिकेत पाठवायचे असतील तर एनएसएफ-आन्सी ६१ हे मानक ग्राहक विचारणारच.

युरोपला जाणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. आयात होणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या उत्पादनातल्या कार्बन उत्सर्जनावर आकार बसवणारी सीबॅम ही व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झाली आहे. ८४२१.२१ हा संकेतांक त्या मूळ यादीत नाही, पण ७३०९ खालची पोलादी टाकी आहे. त्यामुळे सुटी गेलेली टाकी आणि संचाबरोबर गेलेली टाकी यांच्यावरचे बंधन वेगळे होते. एका आयातदाराची वर्षाची अशी आयात ५० टनांपर्यंत असेल तर सूट आहे, म्हणून लहान व्यवहारात पैशाचा प्रश्न सहसा येणार नाही. तरी मोठा ग्राहक आपल्याकडे उत्सर्जनाची आकडेवारी मागू शकतो, आणि ती पोलाद पुरवठादाराकडून मिळवायला वेळ लागतो.

चौथी पायरी : मूळ देशाचे प्रमाणपत्र

भारताचे मुक्त व्यापार करार असलेल्या देशांत शुल्कसवलत मिळवायची, तर माल भारतीय मूळचा असल्याचे सिद्ध करावे लागते. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून आणि स्वित्झर्लंड-नॉर्वे गटाशी झालेला १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आहे. आसियान देशांशी झालेला त्याहून जुना.

आसियान कराराचा सर्वसाधारण नियम आपल्या संचाला लावून पाहू. एफओबी किमतीत, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीत, किमान ३५ टक्के वाटा करारातील देशांत निर्माण झालेल्या मूल्याचा हवा, आणि बाहेरून आणलेल्या भागांचा सहा अंकी संकेतांक तयार मालाच्या संकेतांकापेक्षा वेगळा हवा. समजा, मेंब्रेन अमेरिकी, डोसिंग पंप जर्मन आणि बाकी सारे इथले आहे. मेंब्रेन ८४२१.९९ मध्ये, पंप ८४१३ मध्ये आणि तयार संच ८४२१.२१ मध्ये, म्हणजे दुसरी अट पूर्ण झाली. आयात भागांची किंमत एकूण एफओबीच्या ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरली, की पहिलीही झाली. परंतु चीनमधून तयार आरओ युनिट आणून त्याला इथली चौकट आणि स्टिकर लावले, तर संकेतांक तोच राहतो आणि माल भारतीय ठरत नाही. असे प्रमाणपत्र घेतले आणि तिकडच्या सीमाशुल्क विभागाने उलटतपासणी केली, तर ग्राहकाला फरकाचे शुल्क भरावे लागते आणि आपले नाव त्या बाजारात खराब होते. प्रत्येक भागाच्या खरेदीची बिले आणि खर्चपत्रक एका फाइलीत ठेवावे. प्रमाणपत्र ऑनलाइन मिळते, पण विचारणा वर्ष-दोन वर्षांनीही येऊ शकते.

पाचवी पायरी : करार, आणि त्यातली हमी

या व्यवसायात पैसा बुडतो तो बहुधा इथे. यंत्रसामग्रीच्या सौद्यात काही रक्कम आगाऊ, मोठा हिस्सा माल रवाना झाल्यावर आणि उरलेली रक्कम संयंत्र ठरल्याप्रमाणे चालल्यावर, अशी वाटणी सर्रास असते. शेवटचा हिस्सा हाच आपला नफा असतो, म्हणून ‘ठरल्याप्रमाणे’ या शब्दाची व्याख्या करारात बारकाईने लिहावी.

समजा, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूचे माप) लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी राहील, अशी हमी आपण दिली. आत येणाऱ्या सांडपाण्याचा बीओडी, सीओडी (रसायनाने मोजलेली प्राणवायूची गरज), तेल, तापमान आणि दिवसाचा प्रवाह यांच्या कमाल मर्यादा लिहिल्याशिवाय ही हमी देऊ नये. आसवनीचा स्पेंट वॉश (मद्यार्क काढल्यावर उरणारे अतिदूषित पाणी) चुकून ईटीपीत सोडला गेला तर कोणतेही संयंत्र तग धरणार नाही, आणि करारात मर्यादा नसेल तर दोष आपल्याच माथी येईल. आणखी एक बारीक गोष्ट : भारतात बीओडी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून मोजतात, तर जगात बहुतेक ठिकाणी २० अंशांना पाच दिवस. दोन्हींचे आकडे सहसा जवळपास येतात, पण तिथली प्रयोगशाळा पाच दिवसांची चाचणी करणार आणि आपले अहवाल तीन दिवसांचे असणार. वादाला एवढे निमित्त पुरते. कोणती पद्धत, कोणती प्रयोगशाळा, नमुना कोण घेणार आणि किती दिवस सलग चालवून पाहायचे, हे चारही मुद्दे लिहून घ्यावेत. ग्राहकाने बांधकाम किंवा वीजजोडणी लांबवली तर रवानगीनंतर ठरावीक महिन्यांनी शेवटचा हप्ता आपोआप देय होईल, असे कलमही हवे.

पतपत्रावर, म्हणजे ग्राहकाच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीवर, माल पाठवत असाल तर हे लक्षात ठेवावे की बँका केवळ कागद तपासतात, माल पाहत नाहीत. यूसीपी ६०० या पतपत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कागद सादर झाल्यावर बँकेला तपासणीसाठी पाच कामाचे दिवस असतात. कंपनीच्या नावातले एखादे अक्षर किंवा मालाच्या वर्णनातला फरक एवढ्यावरूनही आक्षेप निघतो. म्हणून पतपत्राचा मसुदा आधी मागवून आपल्या बीजकाशी जुळवून पाहावा, मगच ते उघडायला सांगावे. उधारीवर द्यावेच लागले तर ईसीजीसी या सरकारी निर्यात पतविमा कंपनीचा विमा घ्यावा. एफओबी न्हावा शेवा हा दर नवख्याला सोयीचा. शुल्क भरून ग्राहकाच्या दारापर्यंत पोचवण्याची डीडीपी अट पहिल्या सौद्यात स्वीकारू नये, कारण परदेशातले कर आपल्या हातात नसतात.

सहावी पायरी : माणसे पाठवणे

संयंत्र विकताना उभारणी, कमिशनिंग आणि प्रशिक्षण या सेवाही विकल्या जातात, आणि त्यांचा नियम मालापेक्षा वेगळा चालतो. सेवांच्या जागतिक करारात पुरवठ्याचे चार प्रकार मानले आहेत, त्यांपैकी माणसाने प्रत्यक्ष दुसऱ्या देशात जाऊन सेवा देणे हा चौथा. याच प्रकारावर देशांनी सर्वांत जास्त बंधने ठेवली आहेत. त्यामुळे पर्यटक व्हिसावर फिटर पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये, तो माणूस तिथे अडकतो. सेवेची रक्कम बीजकात स्वतंत्र दाखवावी. अनेक आफ्रिकी देश तांत्रिक सेवेच्या रकमेतून कर कापून घेतात. केनिया, टांझानिया, युगांडा यांच्याशी भारताचे दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत, पण त्यांचा लाभ घेण्यासाठी आयकर विभागाचे करनिवासी प्रमाणपत्र हाताशी असावे लागते. कापलेल्या कराची पावती ग्राहकाकडून तेव्हाच मागून घ्यावी.

सातवी पायरी : बांधाबांध आणि रवानगी

वीस फुटी कंटेनरचे दार साधारण २.३४ मीटर रुंद आणि २.२८ मीटर उंच असते. चौकट २.२ मीटरपेक्षा रुंद करू नये, आणि नळ्यांची बाहेर आलेली फ्लँज मोजायला विसरू नये. लाकडी पेट्या व पट्ट्या आयएसपीएम १५ प्रमाणे, म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेल्या आणि तसा शिक्का असलेल्याच वापराव्यात. ओल्या अवस्थेत सीलबंद येणारी आरओ मेंब्रेन दाबनळ्यांत भरून पाठवण्याऐवजी मूळ पिशवीतच ठेवावीत आणि तिथे गेल्यावर बसवावीत. उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये सुकलेले मेंब्रेन पुन्हा कामाला येत नाही. भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन जहाज कंपनीला द्यावे लागते, हा नियम १ जुलै २०१६ पासून जगभर आहे.

शिपिंग बिल (निर्यातीसाठी सीमाशुल्क विभागाकडे द्यायचे निवेदन) भरताना ड्रॉबॅक आणि रोडटेप या करांच्या परताव्यांचा दावा त्याच वेळी नोंदवावा. मागाहून दुरुस्ती करून घेणे फार जिकिरीचे होते. पैसे आल्यावर वसुलीचे ई-प्रमाणपत्र तयार झाले का, ते पाहावे.

थेट ग्राहक मिळत नसेल तर आणखी एक दार आहे. भारत सरकारच्या वतीने एक्झिम बँक अनेक आफ्रिकी देशांना पाणीपुरवठ्याच्या प्रकल्पांसाठी कर्जमर्यादा देते आणि त्या प्रकल्पांतला साधारण ७५ टक्के माल व सेवा भारतातून घ्यावी लागते. असे काम मिळवलेल्या मोठ्या भारतीय कंत्राटदाराला संयंत्र पुरवले, तर पहिल्या वेळेस बंदरापलीकडची बरीचशी जबाबदारी त्याच्याकडे राहते, आणि परदेशात चालू असलेल्या संयंत्राचा दाखला आपल्या हाती येतो. पुढच्या निविदांत पात्रतेसाठी तोच मागितला जातो.